पीटर उस्तिनोव : हजरजबाबी नीरो, मिश्कील पॉयरो

३१ ऑक्टोबर १९८४च्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी दिल्लीतील निवासस्थानातून शेजारच्या कार्यालयाकडे निघाल्या. तिथे टीव्हीवरील मुलाखतीसाठी एक ब्रिटिश पाहुणा त्यांची वाट पाहत होता. वाटेतच त्यांची हत्या झाली. तो पाहुणा म्हणजे पीटर उस्तिनोव.

कोण होते उस्तिनोव?
जन्म १९२१, लंडन. घराण्याची मुळे रशिया, जर्मनी, फ्रान्समध्ये. अभिनेते, नाटककार, कादंबरीकार आणि दिग्दर्शकही. 'स्पार्टाकस' आणि 'टॉपकापी'साठी सहायक अभिनेत्याचे दोन ऑस्कर. 'डेथ ऑन द नाईल'मधील (१९७८) गुप्तहेर हर्क्युल पॉयरोही त्यांनीच साकारला.

हजरजबाबीपणा कसा?
'क्वो व्हॅडिस'मधल्या सम्राट नीरोसाठी ते फार तरुण आहेत, अशी शंका स्टुडिओला आली. त्यांनी कळवले, की आणखी थांबलात तर मी म्हातारा ठरेन. नीरो ३१व्या वर्षीच गेला! भूमिका मिळाली, ऑस्करचे नामांकनही.

लष्करातला किस्सा काय?
दुसऱ्या महायुद्धात ते साधे शिपाई, तर अभिनेते डेव्हिड निव्हन अधिकारी. 'द वे अहेड' चित्रपटाचे काम एकत्र करायचे होते, पण शिपायाने अधिकाऱ्यासोबत ऊठबस करणे शिस्तीत बसेना. तोडगा निघाला : उस्तिनोव निव्हन यांचे अर्दली झाले!

हसवण्यापलीकडे काय?
१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून २००४मध्ये निधन होईपर्यंत ते युनिसेफचे सदिच्छादूत होते. माणसामाणसांतील पूर्वग्रहांचा अभ्यास करणारी संस्थाही त्यांच्या नावाने व्हिएन्नात उभी राहिली. अनेक देशांचा वारसा लाभलेल्या माणसाला हे शोभणारेच.