खुडूक कोंबडी आणि बदकाची अंडी

बदकाची पिल्ले पुष्कळदा कोंबडीच्या पंखांखाली जन्मास येतात, हे वाचून आपणांपैकी काहींस नवल वाटेल. पण खेड्यापाड्यांत ही रीत जुनी आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अधिक अंडी देणाऱ्या बदकांचीच पैदास केली. मादी अंड्यांवर बसली की अंडी घालणे थांबविते. म्हणून बसावयाची ओढ असलेल्या माद्या मागे पडत गेल्या. आज पाळीव बदकांच्या कित्येक जातींना अंडी घालणे तेवढे ठाऊक आहे. उबविण्याचे काम दुसऱ्या कोणी करावयाचे!

गेल्या श्रावणात आमच्या परसातील एक कोंबडी खुडूक झाली. पिसे फुलवून ती रिकाम्या टोपलीत बसून राही आणि जवळ जाणाऱ्यास चोच मारी. शेजारच्या काकींनी बदकाची सहा अंडी आणून दिली. नागपंचमीच्या रात्री आईने टोपलीत गवत पसरून ती अंडी कोंबडीखाली सारली. हे काम रात्रीच करावे. अंधारात कोंबडी फारशी तक्रार करीत नाही.

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत. कोंबडीला दिवस मोजता येत नाहीत हे आपले भाग्यच. मात्र आठवडाभर अधिक बसावयाचे असल्याने तिला रोज उठवून दाणापाणी द्यावे लागते. अंडी अधूनमधून फिरविणेही अवश्य असते, कारण ती एकाच बाजूवर पडून राहिली तर आतील गर्भ कवचाच्या पापुद्र्यास चिकटतो. स्वतःची अंडी कोंबडी चोचीने फिरविते. बदकाचे अंडे तिला जड जाते, म्हणून ते काम आम्ही हाताने करीत असू. शिवाय बदकीण पाण्यातून ओल्या अंगाने घरट्यात येते आणि अंड्यांना ओलावा मिळतो. कोंबडीचे अंग कोरडे, म्हणून शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाणी शिंपडावे.

आठव्या रात्री आम्ही अंडी एकेक करून विजेरीपुढे धरली. पाच अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या. सहावे स्वच्छ होते. ते काढून टाकले. असे अंडे उबेत राहिले तर नासून फुटते.

चवथीच्या सकाळी घरात सर्वांची धावपळ चालू असता टोपलीतून बारीक चीं चीं ऐकू आली. चोचीच्या टोकावर असलेल्या एका लहानशा कठीण उंचवट्याने पिल्लू कवचास भोक पाडते आणि मग थांबते, कधी कधी दिवसभरसुद्धा. हे थांबणे व्यर्थ नसते. त्या अवधीत पापुद्र्यातील रक्त पिल्लाच्या शरीरात परत जाते आणि उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो. त्या बलकावरच ते पहिला दिवस-दीड दिवस अन्नावाचून राहू शकते. मी कला शाखेचा पदवीधर. हे मला तेव्हा माहीत नव्हते. सायंकाळपर्यंत चार पिल्ले बाहेर आली, पाचवे अडकल्यासारखे वाटले, आणि मी दयेपोटी त्याचे कवच नखाने सोलले. पापुद्र्यातून रक्त आले. तासाभरात पिल्लू गेले. आई मला काहीच बोलली नाही. तिने ते केळीच्या बुंध्याशी पुरले.

पिल्लांस भिजविलेला कोंडा व बारीक चिरलेला हिरवा पाला द्यावा. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकाच्या पिल्लांस नायासिन हे जीवनसत्त्व अधिक लागते. ते कमी पडल्यास पाय वाकतात. शिजविलेले वाटाणे यासाठी चांगले. खाणे देताना जवळ पाणी असलेच पाहिजे आणि चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके ते खोल हवे. मात्र कोंबडीखाली वाढलेल्या पिल्लांस पहिले काही दिवस पोहू देऊ नये. बदकिणीच्या पिसांवरील तेल त्यांच्या लवेस लागलेले नसते. ती भिजून गारठतात.

पुढे ती तळ्यात उतरली तेव्हा कोंबडी काठावर ओरडत येरझारा घालू लागली. पिल्ले तिच्याच हाकेला परत येत. जन्मल्यावर प्रथम जो हालता जीव दिसेल त्यास आई मानण्याच्या या वृत्तीचा अभ्यास कोनराड लोरेन्झ यांनी हंसकुळातील पक्ष्यांवर केला. प्राणिवर्तनावरील संशोधनासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

टर्कीची अंडीही २८ दिवसांतच फुटतात. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीज भाषेत त्यास पेरू म्हणतात, जरी पेरू देश त्याची जन्मभूमी नव्हे. आपल्या गोव्याचाही त्याच्याशी संबंध आहे. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहाकडे जे नवलाचे प्राणी नेले त्यांत एक टर्की होता. त्याचे रंग बदलणारे डोके पाहून बादशहा चकित झाला, आणि मन्सूर या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पाळावयास मात्र टर्की नाजूक. त्याच्या पिल्लांस दाणा टिपावयास शिकवावे लागते; दाण्यांत रंगीत गोट्या ठेवल्या की ती त्यांवर चोच मारता मारता खाऊ लागतात. कोंबड्यांच्या आवारात त्यांस कधीही ठेवू नये. कोंबड्यांच्या आतड्यातील कृमींमार्फत पसरणारा एक रोग कोंबड्यांस फारसा बाधत नाही, पण टर्कींचा कळपच्या कळप मारतो. आमच्या परसात कोंबड्या असल्याने टर्कीचा विचार आम्ही सोडून दिला.

चार बदकांपैकी दोन माद्या निघाल्या आणि आता त्या अंडी घालू लागल्या आहेत. घालतात ती वाटेल तेथे, आणि मागे वळूनही पाहत नाहीत. आई रोज सकाळी अंडी गोळा करते आणि कोणती कोंबडी खुडूक होते ते पाहत असते.