गाळून उरलेला उजेड : प्रतिदीप्ती आणि तिचे उपयोग

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि क्षणार्धात दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. लाल कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला लाल भाग तेवढा परत पाठवते, प्रतिदीप्त पदार्थ मात्र आलेला प्रकाश पचवून नवा प्रकाश घडवतो, आणि म्हणूनच बँकेतल्या जांभळ्या दिव्याखाली, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांत, नोटेचा क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू उजळून निघतात. एके काळी धुण्याच्या शेवटच्या पाण्यात नीळ घालत. ती कापडाचा पिवळेपणा नुसता झाकत असे. तिच्या जागी आलेले टिनोपॉल उन्हातल्या अतिनील किरणांचे निळसर प्रकाशात रूपांतर करते, त्यामुळे कापड पडलेल्या दृश्य प्रकाशापेक्षाही अधिक दृश्य प्रकाश परत देऊ शकते. पांढऱ्याहून पांढरे हा जाहिरातींचा आवडता दावा या एका बाबतीत तरी अक्षरशः खरा ठरतो.

स्पेनमधील वैद्य निकोलास मोनार्देस यांनी 1565 मध्ये मेक्सिकोहून येणाऱ्या एका औषधी लाकडाची नोंद केली, ज्याचे तुकडे पाण्यात टाकले की पाण्यावर निळी झाक चढत असे. ज्या बिबळ्याच्या लाकडाचे पेले महाराष्ट्रात मधुमेहावरचा उपाय म्हणून विकले जातात, त्यातल्या पाण्यावरही उन्हात अशीच निळसर झाक दिसते. पेल्याचा औषधी गुण हा वेगळा विषय, पण ही झाक प्रतिदीप्तीचीच होय. पुढे 1845 मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनीनच्या रंगहीन द्रावणाच्या पृष्ठभागालगत निळा प्रकाश पाहिला. त्याचे कोडे केंब्रिजचे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 मध्ये सोडवले आणि फ्लोरस्पार या खनिजावरून या घटनेला तिचे इंग्रजी नाव दिले. बाहेर पडणारा प्रकाश शोषलेल्या प्रकाशाहून लांब तरंगलांबीचा, म्हणजे कमी ऊर्जेचा असतो, हा त्यांचा निष्कर्ष होता.

ही ऊर्जा घटण्याचे कारण रेणूच्या आत आहे. प्रकाश शोषताच रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो, तेथे रेणूच्या कंपनांतून ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने गमावतो आणि सामान्यतः काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांत, उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने सोडून खाली येतो. ज्या पदार्थांत हे परतणे अडून राहते, ते दिवा मालवल्यावरही बराच वेळ चमकतात. ती स्फुरदीप्ती, प्रतिदीप्तीची संथ बहीण.

रंगातला हा फरक हेच या साऱ्या तंत्रांचे भांडवल आहे. द्रावणाने किती प्रकाश शोषला हे मोजायचे, तर दोन मोठ्या आकड्यांमधला बारीक फरक शोधावा लागतो. प्रतिदीप्तीत मात्र पाठवलेला प्रकाश रंगीत गाळणीने जवळजवळ पूर्णपणे अडवता येतो आणि गाळून उरलेला तेवढाच उजेड मोजता येतो. भर दुपारी अंगणात लावलेली पणती नजरेत भरत नाही आणि अमावास्येच्या रात्री तीच दुरून दिसते, तसा हा प्रकार आहे. उपकरणाचे कौशल्य बव्हंशी ही अमावास्या निर्माण करण्यात असते, आणि ती पुरेशी गडद झाली की एकटा रेणूसुद्धा ओळखता येतो.

या संवेदनशीलतेचा एक जुना पुरावा जर्मनीतला आहे. डॅन्यूब नदीचे पाणी तेथे एका ठिकाणी चुनखडकाच्या भेगांत जिरते. ते जाते कोठे, या वादात 1877 मध्ये सुमारे 10 किलो फ्लुओरेसीनचा क्षार त्या पाण्यात सोडण्यात आला, आणि सुमारे अडीच दिवसांनी आख नदीचा झरा हिरवा चमकू लागला. हा रंग अडोल्फ फॉन बायर यांनी जेमतेम सहा वर्षांपूर्वी प्रथम बनवला होता. तोच आज हाताच्या शिरेत टोचून मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या कोठे पाझरतात हे पाहिले जाते.

जीवशास्त्रात पहिले मोठे पाऊल अल्बर्ट कून्स यांनी 1941 मध्ये टाकले. प्रतिपिंड, म्हणजे विशिष्ट द्रव्याला नेमके चिकटणारे रेणू, प्रतिदीप्त रंगाने चिन्हांकित करून त्यांनी पेशींमधले शोधायचे द्रव्य उजळवले. तरीही रंग बाहेरून घालावा लागे आणि त्यासाठी पेशी बहुधा मारावी लागे. ही अडचण ज्या प्रथिनाने दूर केली ते एका जेलीफिशमध्ये सापडले. ओसामु शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा करून निळा प्रकाश देणारे एक प्रथिन वेगळे केले आणि 1962 च्या निबंधात त्याच्यासोबत आढळलेल्या हिरव्या प्रथिनाची जाता जाता नोंद केली. डग्लस प्रॅशर यांनी 1992 मध्ये त्याचे जनुक मिळवले. मार्टिन चाल्फी यांनी 1994 मध्ये ते जिवाणूत आणि सूक्ष्म कृमीत बसवून दाखवले, की हे प्रथिन जेलीफिशच्या कोणत्याही मदतीविना स्वतःच चमकते. आणि रॉजर त्सिएन यांनी त्याच्या अनेक रंगछटा घडवल्या. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ज्यांनी ते जनुक त्यांतल्या दोघांना दिले होते ते प्रॅशर संशोधनाबाहेर पडून एका मोटारविक्री केंद्राची गाडी चालवीत होते. विज्ञानातील श्रेयवाटपावर याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही याच वाटेने ओलांडली गेली. प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, असे एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये दाखवले होते. सगळे रेणू एकाच वेळी न चमकवता काहींना विझवून ठेवले, तर प्रत्येकाची जागा स्वतंत्रपणे ठरवता येते, या युक्तीच्या निरनिराळ्या रूपांसाठी श्टेफान हेल, एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांना 2014 चे नोबेल मिळाले.

रोगनिदानात हे तंत्र अधिक साधेपणाने आले. क्षयरोग्याच्या थुंकीवर ऑरामाइन हा रंग चढवला की जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकतात. कमी वर्धनातही ते दिसत असल्यामुळे काचपट्टीचा मोठा भाग थोड्या वेळात तपासून होतो, आणि महागड्या पारादिव्याऐवजी एलईडी आल्यापासून त्यासाठी काळोख्या खोलीचीही गरज उरलेली नाही. करोनाच्या काळात घरोघरी बोलली गेलेली ‘सीटी व्हॅल्यू’ ही तर प्रतिदीप्तीचीच मोजणी होती. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत साधारण दुप्पट होतो. प्रचलित पद्धतीत प्रत्येक नव्या प्रतीबरोबर एक रंगरेणू त्याला दाबून ठेवणाऱ्या जोडीदारापासून सुटतो आणि चमकू लागतो. ही चमक ज्या फेरीत ठरलेली रेषा ओलांडते, तो आकडा म्हणजे सीटी. म्हणून विषाणू जितका जास्त तितका आकडा लहान.

हेच तत्त्व क्ष-किरणांनाही लागू पडते. क्ष-किरणांच्या माऱ्याने अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन निखळतो, वरचा इलेक्ट्रॉन त्याची जागा घेताना प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण सोडते, आणि त्यावरून ते ओळखता येते. सराफी पेढीवरचे कॅरेटोमीटर यावरच चालते, परंतु हे किरण दागिन्याच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरातूनच बाहेर येतात, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. हॉलमार्किंगमध्ये आगीत कस लावण्याची जुनी पद्धत टिकून आहे ती उगाच नव्हे. चांद्रयान-2 वरील उपकरणाने सूर्याच्या क्ष-किरणांमुळे चंद्रभूमीतून उमटणारी हीच प्रतिदीप्ती मोजून तेथील सोडियमचा नकाशा तयार केला.

या तंत्रांच्या मर्यादा त्यांच्या देखण्या चित्रांमुळे झाकल्या जातात. चमकणारी गोष्ट म्हणजे चिन्ह, प्रत्यक्ष वस्तू नव्हे. जे चिन्हांकित केले नाही ते काळोखातच राहते, तीव्र प्रकाशात रंगरेणू लवकर निकामी होतात, जिवंत पेशीला इजा पोचते, आणि नियतकालिकांत छापले जाणारे झगमगीत रंग पुष्कळदा संगणकाने मागाहून भरलेले असतात. नको तेथे उगवलेली प्रतिदीप्ती दिशाभूलही करते. कोलकात्यात चंद्रशेखर रामन यांच्या गटात 1923 मध्ये के. आर. रामनाथन यांना द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात जो क्षीण वेगळा रंग दिसला, तो अशुद्धीची मंद प्रतिदीप्ती समजला गेला. द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो हटेना, आणि 1928 मध्ये तो निराळाच परिणाम असल्याचे सिद्ध झाले. आजही त्या परिणामावर काम करणाऱ्यांना नमुन्याची प्रतिदीप्ती ही डोकेदुखीच वाटते.

ज्या प्रतिदीप्तीला कोणताही रंग घालावा लागत नाही, ती हिरव्या पानांत रोज घडत असते. पालकाचा अर्क स्पिरिटमध्ये काढून त्यावर जांभळा प्रकाश टाकला, तर तो हिरवा द्रव रक्तासारखा लाल दिसतो. जिवंत पान शोषलेल्या प्रकाशातला एखाद-दुसरा टक्काच असा परत सोडते, कारण बाकीचा प्रकाशसंश्लेषणात आणि उष्णतेत खर्च होतो; त्यामुळे या लाल उजेडातील चढउतारांवरून पानाचा कारभार कसा चालला आहे हे कळते. हरितगृह वायू मोजण्यासाठी सोडलेल्या उपग्रहांच्या नोंदींतून 2011 पासून हा उजेड वेगळा काढला जात आहे, आणि पाण्याचा ताण पडलेल्या पिकात त्याची घट पाने पिवळी पडण्यापूर्वीच दिसू शकते.