यूपीएस आहे, पण सर्व्हरला कळतंय का?

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? कळवा-पडघा ४०० केव्ही लाइनमध्ये बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली. अशा वेळी छोटा यूपीएस फक्त काही मिनिटं देतो. तेवढ्यात सर्व्हर नीट बंद झाला नाही, तर डेटाबेस लिहिता लिहिता तुटतो.

त्यासाठी ‘नट’, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स. फुकट आहे. यूपीएस यूएसबीने एका सर्व्हरला जोडा. तिथला ‘यूपीएसडी’ बॅटरीची खबर देतो, प्रत्येक सर्व्हरवरचा ‘यूपीएसमॉन’ ती ऐकतो. बॅटरी संपत आली की आधी बाकीचे बंद होतात, केबलवाला शेवटी.

आणि हो, नेटवर्क स्विचही यूपीएसवरच लावा. तोच बंद पडला, तर खबर पोचणार कशी?