प्राणवायूचा चुंबकी हट्ट

अंबरनाथ पूर्वेला, शीळ-बदलापूर रस्त्यावरच्या आनंदनगरात डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. बॅटरी चार्ज करायला पाणबुडीला सारखं वर यावं लागू नये, यासाठीचा इंधनघट इथलाच. ८ मार्च २०२१ रोजी त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी पार पडली. हायड्रोजन पाणबुडीतच तयार करायचा, सोबत नेलेल्या द्रवरूप प्राणवायूशी त्याची गाठ घालायची. वीज मिळते, उरतं पाणी.

हाच व्यवहार उलटा करून पाण्यातून हायड्रोजन काढायला गेलं, की गाडी धनाग्रावर अडते. हायड्रोजन दुसऱ्या टोकाला तसा सहज सुटतो. प्राणवायू मात्र छळतो. हिशेबाने १.२३ व्होल्ट पुरायला हवेत, प्रत्यक्षात सहसा दीडच्या पुढे जावं लागतं. वरची वीज उष्णता होऊन वाया जाते.

या छळाचं एक मूळ प्राणवायूच्या चुंबकत्वात आहे. जेम्स ड्यूअर यांनी १८९१ मध्ये द्रवरूप प्राणवायू विद्युतचुंबकाजवळ नेला, तेव्हा तो फिकट निळा द्रव ध्रुवांना जाऊन चिकटला. त्याच्या रेणूतले दोन इलेक्ट्रॉन जोडी न जमवता एकाच दिशेचं स्पिन, म्हणजे अंगभूत चुंबकी कल, धरून बसतात. पाण्याच्या रेणूत मात्र सगळे जोडीने असतात. म्हणजे पाण्यापासून प्राणवायू घडवताना चार इलेक्ट्रॉन नुसते काढून भागत नाही, दिशा पाहून काढावे लागतात. लोहचुंबकीय उत्प्रेरकात स्पिन आधीच एका रांगेत असल्याने हे काम सोपं व्हावं, असा तर्क आहे.

स्पेनमधल्या तारागोना इथल्या गटाने २०१९ मध्ये निकेल-जस्त-लोह ऑक्साइडच्या विद्युतअग्राजवळ साधा कायमचुंबक धरला आणि प्रवाह दुपटीहून वाढला. श्रेय स्पिनचं, की चुंबकामुळे द्रव ढवळला गेला त्याचं, यावर वाद आहे.

उत्प्रेरक म्हणून द्विमितीय चुंबकांचं आकर्षण असं, की पापुद्रा इतका पातळ की जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावरच. २०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकच थर चुंबकीय असल्याचं दिसलं, पण उणे २२८ अंश सेल्सिअसच्या खाली! लोह, गॅलियम आणि टेल्युरियमचं संयुग खोलीच्या तापमानालाही चुंबकत्व टिकवतं. मग अडचण दुसरी येते. धनाग्रावर टेल्युराइड गंजतं, टेल्युरियम द्रावणात निघून जातं, आणि पृष्ठभागावर लोहाचा हायड्रॉक्साइड साचतो. अशा वेळी काम चुंबक करतो की गंज?

पाणी फोडणाऱ्या आम्लीय इलेक्ट्रोलायझरना उत्प्रेरक म्हणून लागणारं इरिडियम जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, त्यामुळे पर्यायाची घाई समजण्यासारखी आहे. तरी असा शोधनिबंध हाती आला की मी प्रवाहवाढीचा आकडा नंतर वाचतो. आधी शंभर तासांनंतर त्या पापुद्र्यात टेल्युरियम किती उरलं ते शोधतो.