हशा राहिला, ढोलकी गेली

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारे फार थोडे. महाराष्ट्राने त्यांना काळू-बाळू म्हणूनच ओळखलं. घरात तमाशा आधीच होता. शिवा-संभा कवलापूरकर या जोडीचा फड गाजलेला होता. पण या दोघांना नाव मिळवून दिलं ते ‘जहरी प्याला’ या वगातल्या दोन हवालदारांनी. त्या विनोदी भूमिकांची नावं नटांना चिकटली आणि पुढे फडालाही तीच लागली. एका वगातल्या सोंगातून अख्ख्या संस्थेचं नाव तयार झालं, त्या संस्थेत पेटीवाले, ढोलकीवाले, हलगीवाले, झीलकरी, नाचणाऱ्या स्त्रिया अशा कितीतरी माणसांचा संसार चालला. आज काळू-बाळूंची आठवण निघते ती मात्र दोन चेहऱ्यांची आणि चार किश्श्यांची. विनोदातून जन्मलेल्या संगीताचा घरोघरी पोहोचलेला वारसा, म्हणजे कॅसेट, सीडी आणि आता मोबाईलवरची चित्रफीत, हसवणाऱ्याला जपतो आणि वाजवणाऱ्याला गाळतो. ही गाळणी नैसर्गिक नाही, ती आपण लावलेली आहे आणि काढताही येते, एवढंच या लेखाचं म्हणणं.

तमाशात विनोद आणि संगीत हे दोन वेगळे विभाग आहेत, असा समज कागदावरच्या क्रमामुळे होतो. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग अशी यादी वाचली की बतावणी हसण्यासाठी आणि बाकीचं ऐकण्यासाठी, असं वाटतं. प्रत्यक्षात सोंगाड्याचा शब्द ढोलकीवर तोललेला असतो. गौळणीत मावशी मुरकत येते, सोंगाड्या तिला आडवा प्रश्न टाकतो, ती उत्तर द्यायला क्षणभर थांबते. त्या क्षणात ढोलकीवाला शाईवर एक टणक बोल काढतो आणि धुमाचा घुमारा मागे सोडतो. लोक हसतात ते उत्तर यायच्या आधी. तो बोल अर्धा क्षण उशिरा पडला तर तोच विनोद पडतो. मागे उभ्या झीलकऱ्यांची ‘जी जी’ हीदेखील नुसती साथ नसते. सोंगाड्या भरकटला तर त्याला तालावर परत आणणारी ती दोरी असते. म्हणजे काळू-बाळूंच्या हजरजबाबीपणाचं श्रेय जेवढं त्यांच्या जिभेला, तेवढंच मागच्या ओळीतल्या कानांना आहे.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. जॉन बेलुशी आणि डॅन अॅक्रॉइड हे दूरचित्रवाणीवरच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या कार्यक्रमातले नट. काळी टोपी, काळा चष्मा, काळा सूट अशा सोंगात त्यांनी 1978 साली ‘ब्लूज ब्रदर्स’ ही गाणारी जोडी उभी केली. सोंग विनोदी होतं, पण मागचा वाद्यवृंद चेष्टेचा नव्हता. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर आणि बेसवर डोनाल्ड डन होते. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत सोल संगीताचा घाट ज्या मंडळींनी घडवला, त्यांतले हे दोघे. ‘सोल मॅन’ हे सॅम आणि डेव्ह यांचं 1967चं गाणं. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणात क्रॉपरच होता आणि गायक गाण्याच्या मधेच त्याला नावाने साद घालतो. बेलुशीने गाणं घेतलं तेव्हा ती सादही ठेवली, आणि वाजवणारा तोच क्रॉपर होता. विनोदवीराने मंचावरून वादकाचं नाव उच्चारलं, ते लाखो घरांत पोहोचलं. या जोडीवरच्या 1980च्या चित्रपटात रे चार्ल्स, अरिथा फ्रँक्लिन, जेम्स ब्राउन आणि कॅब कॅलोवे आले. पुढे 1998 साली घरी पाहण्यासाठी जी वाढीव आवृत्ती निघाली, तिची लांबी 133 मिनिटांवरून 148 मिनिटांवर गेली आणि जॉन ली हूकरच्या रस्त्यावरच्या गाण्याला अधिक जागा मिळाली. थिएटरच्या घाईत कापलेलं संगीत घरच्या आवृत्तीने परत दिलं.

आपल्याकडेही विनोदाने संगीतकारांसाठी दार उघडल्याचा पुरावा आहे. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून लोकांसमोर आले, त्यांच्या 1971च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटाला राम कदमांचं संगीत होतं. 1975च्या ‘पांडू हवालदार’साठी दादांनी राम-लक्ष्मण ही नवी जोडी घेतली. त्यांतले राम लवकरच गेले. लक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील, यांनी जोडीचं नाव तसंच चालवलं आणि ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’पर्यंत मजल मारली. चावट विनोदाचा शिक्का बसलेल्या सिनेमाने देशाला एक संगीतकार दिला. तिथे श्रेयनामावली असल्यामुळे हे आज सांगता येतं. तमाशाच्या सीडीला बहुधा तीही नसते.

आता तंत्राकडे पाहू, कारण दोष सगळा नीयतीचा नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते. व्हीसीडीच्या एका तबकडीवर साधारण 74 मिनिटं मावतात. तमाशा रात्र खातो. कात्री लागणारच होती. प्रश्न एवढाच की ती कुठे लागली. गण लांबला की ग्राहक पुढे सरकवतो, हलगी-ढोलकीची जुगलबंदी ‘नुसतं वाजवणं’ ठरते, हशा मात्र विकला जातो. छपाई स्वस्त ठेवायची तर वेष्टनावर दोन चेहरे पुरतात. अशी जी प्रत घरात आली, तीच पुढच्या पिढीसाठी मूळ ठरली.

यावर पहिला आक्षेप असा, की तमाशा समोर बसून पाहायची कला आहे; तिची चित्रफीत अपुरीच राहणार. खरं आहे, पण म्हणून अपुऱ्यातही निवडून अर्धं फेकावं, हे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दोन गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांचं संगीत पांघरून पैसा केला, अशी टीका ब्लूज ब्रदर्सवर झाली आहे. मग त्यांचा आदर्श आपण का घ्यावा? त्या टीकेत तथ्य आहे, आणि ती उलट माझ्या बाजूने बोलते. तिथे उसनं घेणाऱ्यांनीही निदान वादकांची नावं पुढे आणली. इथे कला ज्या समाजांनी घामातून उभी केली, त्यांचेच लोक मंचावर होते, आणि तरी त्यांच्यातल्या वादकांची नोंद राहिली नाही. तिसरा आक्षेप बाजाराचा: लोकांना काळू-बाळूच हवे होते. हवे होतेच. पण तमाशाचे फड ठरवण्यासाठी लागणाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत गावकरी सुपारी देतात ती अख्ख्या फडाला, एकट्या सोंगाड्याला नाही.

वादकांची नोंद परत मिळवण्याचं काम मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांवर सोडून भागणार नाही. तमाशाचा प्रेक्षक गावात होता, म्हणून त्याची मुद्रणंही गावातल्या कपाटांत आहेत. निफाड तालुक्यातलं सायखेडा घ्या. गोदाकाठच्या या गावात ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीचं पाणी शिरलं. भिजलेल्या चुंबकीय फितीचे थर एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. गाळ बसलेली कॅसेट तशीच यंत्रात घातली तर उरलंसुरलंही खरवडून निघतं. नदीकाठच्या घरात जुनी कॅसेट ठेवणं म्हणजे पुढच्या पुराची वाट पाहणं. सायखेडा, चांदोरी आणि आसपासच्या गावांत कुणाकडे जत्रेतल्या तमाशाचं मुद्रण असेल, तर त्याची डिजिटल प्रत करा, हशाच्या जागा कापू नका आणि वाजवण्याच्या तर मुळीच नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती ऐकवा आणि ढोलकीवर कोण होतं ते विचारा. जे नाव कळेल ते प्रतीवर लिहा, सोंगाड्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात.