शेडचं वजन जमिनीत हवं

घरापासून दहा-पंधरा फूट सुटं, सहा लोखंडी खांबांवर उभं, वर पत्रा, तीन बाजूंनी थोडाफार आडोसा आणि चौथी बाजू मोकळी. ट्रॅक्टरसाठी उभारलेलं असं शेड धाराशिव जिल्ह्यात वाशी-कळंबपासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत कुठल्याही वस्तीवर दिसतं. हे काम मालकाने स्वतः अंगावर घ्यावं, एवढंच नव्हे तर त्यानेच घेतलं तर ते जास्त चांगलं होतं, असं माझं मत आहे. त्याला अट एकच. पैशाचा आणि लक्षाचा मोठा वाटा जमिनीखाली आणि जोडांमध्ये गेला पाहिजे. सध्या बहुतेक ठिकाणी याच्या उलट चाललेलं असतं. पत्रा निळा घ्यायचा की लाल, कुठल्या कंपनीचा, किती जाडीचा, यावर दुकानात तासभर खल होतो. खड्डा किती खोल घ्यायचा हे मात्र खणणाऱ्याचे हात भरून आले की ठरतं.

सांगाड्याला किती महत्त्व द्यायचं हे या मुलखाला खरं तर नव्याने सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. माणसं दगावली ती मुख्यतः भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. इथलं जुनं घर खणांच्या हिशेबाने बांधलेलं असे. तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि सर्वांत वर पांढरीच्या मातीचा फूटभर, कुठे दोन फूट जाडीचा थर. भोवताली दोन-अडीच फूट रुंदीची दगडी भिंत. पण ती आतून-बाहेरून दोन वेगळ्या थरांनी रचलेली, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड तिच्यात जवळजवळ नसतच. हादरा बसला तसे थर सुटले आणि भिंती ढासळल्या. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना अनेक ठिकाणी भिंत पूर्ण पडलेली आणि लाकडी सांगाडा मात्र उभा, असं दृश्य दिसलं. दिसायला दणकट होती ती भिंत मारक ठरली आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं ती खांब-तुळईची चौकट टिकली. तोवर हा परिसर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला.

भूकंपानंतरचा दुसरा धडा कोणी उभारायचं याविषयीचा होता आणि त्याची चर्चा फार कमी झाली. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर राज्य सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली; तिथलं बांधकाम प्रामुख्याने कंत्राटदार आणि संस्था यांच्या हाती होतं. दुसरीकडे, सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करून घेतलं. पैसा टप्प्याटप्प्याने मिळायचा, साहित्य मालक आणायचा, अभियंता येऊन काम तपासायचा, आणि गावोगावच्या संवाद सहायक, त्यांत बऱ्याच बायका, काय करायचं आणि का, ते लोकांना समजावून सांगायच्या. भिंतीत आरपार काँक्रीटचे दगड घालणं, माळवदावरची माती कमी करणं, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे आधार ठोकणं, ही सगळी कामं गावच्या गवंड्याने आणि सुताराने केली. साध्या माणसाला तांत्रिक काम जमत नाही, असं म्हणणाऱ्याने या दोन लाख घरांचा हिशेब आधी द्यावा. जमतं, फक्त कुठे नजर ठेवायची हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

भूकंपातून लोकांनी एक निष्कर्ष मात्र अर्धाच उचलला. दगड मारतो, पत्रा मारत नाही. कित्येक कुटुंबं नंतर कित्येक वर्षं पक्कं घर सोडून पत्र्याच्या शेडमध्ये निजली, आणि ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना त्याबद्दल कोण नावं ठेवणार? हलकं छप्पर भूकंपात सोयीचं, हे खरंच आहे. पण जी गोष्ट हलकी ती वाऱ्याला सोपी. माळवदाला वाऱ्याची भीती कधीच नव्हती, कारण त्याच्या वजनानेच ते बसून राहायचं. पत्र्याला खाली धरून ठेवावं लागतं. आकडे मांडले की हे लगेच कळतं. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर धरला, तर त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५५ किलो होतो. २० फूट बाय १२ फुटांच्या शेडचं छप्पर साधारण २२ चौरस मीटर भरतं. म्हणजे सोसाट्याच्या वादळात त्यावर १,२०० किलोच्या घरातली वर उचलणारी ओढ येऊ शकते, आणि एक बाजू उघडी असेल तर ती वाढते. आत शिरलेला वारा खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा ओढतो. याविरुद्ध अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं एकूण वजन भरतं जेमतेम १०० किलो. पत्र्यावर धोंडे आणि जुने टायर ठेवायची पद्धत गावोगाव आहे. दहा-दहा किलोचे वीस धोंडे ठेवले तरी २०० किलोच होतात, आणि पत्रा उचकटला की तेच धोंडे खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर येतात. ‘आमच्या वडिलांपासून धोंडे ठेवतोय, काही झालं नाही’ या म्हणण्याला उत्तर एवढंच की, तेवढा वारा अजून त्या वस्तीवरून गेलेला नाही.

मग १,२०० किलो कुठून आणायचे? जमिनीतून. दीड फूट बाय दीड फूट आणि तीन फूट खोल खड्ड्यात मावणारं काँक्रीट साधारण ४६० किलोचं असतं. असे सहा खड्डे म्हणजे पावणेतीन टन. हे गरजेच्या दुपटीहून जास्त दिसतं, पण ओढ सगळ्या खांबांवर सारखी पडत नाही. मोकळ्या बाजूच्या आणि कोपऱ्याच्या खांबांवर ती जास्त येते, म्हणून एवढी ताकद हाताशी हवीच. इथे जिल्ह्याची काळी माती आणखी एक गोष्ट शिकवते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. मे महिन्यात काँक्रीटच्या ठोकळ्याभोवतीची माती कडेने सुटलेली असते आणि बोटभर फट दिसते. वळवाची वादळं येतात तीही नेमकी एप्रिल-मेमध्येच. म्हणजे मातीने घट्ट धरून ठेवण्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच ती पकड सोडून बसलेली असते. म्हणून काळ्या रानात मातीच्या पकडीवर अजिबात विसंबू नये. मुरूम लागेपर्यंत खाली जावं, मग चार फूट लागो की पाच, आणि खड्ड्याचं पोट तळाशी गळ्यापेक्षा रुंद ठेवावं. मुरमात रुतलेलं ते रुंद पोट उचकटायला वाऱ्याला वरची सगळी माती उचलावी लागते.

खड्डे आखण्याची रीत मालकाने स्वतः शिकून घ्यावी. ती सोपी आहे आणि पुढची निम्मी कटकट तिथेच मिटते. दोरी ताणून एक कोपरा ३-४-५ च्या मापाने काटकोनात आणायचा, मग दोन्ही कर्ण मोजायचे. २० बाय १२ च्या चौकटीत दोन्ही कर्ण २३ फूट ४ इंच भरले पाहिजेत. एक कर्ण दोन इंचांनी जास्त भरला तर ‘चालतंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात; तेच दोन इंच पुढे पत्रा टाकताना कडेला तिरपे होऊन दिसतात आणि पन्हाळ बसत नाही. काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्ट सोडताना प्लायवुडच्या तुकड्याला बेसप्लेटच्या मापाची चार भोकं पाडून, बोल्ट त्यातून खाली लोंबते ठेवायचे आणि वर नट आवळायचे. मग काँक्रीट कोंबताना बोल्ट हलत नाहीत आणि बेसप्लेट थेट बसते. बोल्ट वाकडे गेले तर बेसप्लेटचं भोक गॅसने मोठं करून काम भागवलं जातं. असं मोठं केलेलं भोक म्हणजे जोडातली पहिली ढिलाई. खांबाचा पाइप सरळ मातीत गाडण्याची पद्धतही सोडून द्यावी. जमिनीच्या पातळीवर तो आधी गंजतो, आणि शेडमध्ये जनावरं बांधली तर मुतामुळे त्याहून लवकर. बेसप्लेट जमिनीच्या वर चार-सहा इंच उंच ठोकळ्यावर असली की पाणी आणि मूत्र दोन्हीपासून ती सुटते.

चौकट उभी करताना घाई करू नये. आधी प्रत्येक जोडाला दोन-तीन टाके मारून पूर्ण चौकट उभी करायची, ओळंबा सोडून प्रत्येक खांब दोन दिशांनी पाहायचा, आणि मगच पक्कं वेल्डिंग. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केलं तर लोखंड तापून त्या बाजूला ओढलं जातं आणि सकाळी ओळंब्यात असलेला खांब दुपारी झुकतो, म्हणून बाजू बदलत जायचं. वेल्डिंगचं काम शिकलेल्या कारागिरानेच करावं. स्वतः करा म्हणजे ठिणग्या स्वतः उडवा असा माझा अर्थ नाही. चष्म्याशिवाय टाका मारणाऱ्याच्या डोळ्यांत रात्रभर वाळू खुपते हे वेगळं सांगायला नको. मालकाची नजर हवी ती तिरप्या पट्ट्यांवर. भिंत नसलेल्या चौकटीला वारा आडवा ढकलतो, आणि उभ्या-आडव्या पाइपांचा चौकोन कितीही जाड असला तरी कोपऱ्यांत मुडपतो. तिरपी पट्टी घातली की त्याचे त्रिकोण होतात आणि तो हलत नाही. १९९४ नंतर सुताराने लाकडी खांब-तुळईच्या कोनात जो तिरपा आधार ठोकला तोच इथे लोखंडात हवा: मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना फुलीच्या पट्ट्या, आणि उघड्या तोंडाला, जिथे ट्रॅक्टर आत शिरतो तिथे, खांबाच्या माथ्याशी छोटे कोनाधार. शेड उभं दिसू लागलं की या पट्ट्या ‘नंतर मारू’ म्हणून राहतात, आणि मग राहूनच जातात.

पत्र्याचं काम त्यामानाने किरकोळ. नागमोडी पत्र्याला स्क्रू किंवा जे-हुक चढाच्या माथ्यावरच मारावा, खोलगट भागात मारला तर पावसाचं पाणी भोकातून झिरपतं. रबराचा वायसर नुसता दबेपर्यंत आवळावा. चेपून बाहेर आला की तो उन्हात तडकतो. लावायला सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून करावी, म्हणजे जोडाच्या फटीत वारा शिरत नाही. आणि कडांना, विशेषतः कोपऱ्यांना, स्क्रू दुप्पट मारावेत, कारण वारा पत्रा उचकटायला सुरुवात करतो ती तिथूनच.

यावर एक आक्षेप रास्त आहे: फॅब्रिकेशनवाला चौरस फुटाच्या भावाने दोन दिवसांत शेड उभं करून देतो, मग शेतकऱ्याने हा व्याप का करावा? वेळ वाचतो हे मान्य. पण चौरस फुटाचा भाव छपराच्या क्षेत्रफळावर लागतो, खड्ड्याच्या खोलीवर लागत नाही. त्या भावात कुणी मुरमापर्यंत खणत असेल तर तो भला माणूस आहे. व्यवहार मात्र त्याला तसं करायला सांगत नाही. म्हणून मधला मार्ग मला व्यवहार्य वाटतो. खड्डे, काँक्रीट आणि बोल्ट मालकाने आपल्या देखरेखीत करून घ्यावेत, त्याच्या वरचं लोखंडकाम भावाने द्यावं आणि तिरप्या पट्ट्या बोलीत आधीच लिहून घ्याव्यात. दुसरा आक्षेप असा की, ‘ट्रॅक्टरच तर ठेवायचाय, एवढं कशाला?’ इथे अनुभव वेगळाच सांगतो. दुसऱ्या वर्षी शेडच्या एका कोपऱ्यात सोयाबीनची पोती येतात, तिसऱ्या वर्षी कडबा, मग पाच-सहा उस्मानाबादी शेळ्या, आणि उन्हाळ्याच्या रात्री राखणीला एखादी बाज. वस्तीवर कुठलंही शेड फार काळ नुसतं गॅरेज राहत नाही. माणूस झोपणारच आहे असं धरून ते उभारावं. त्याच कारणाने आडोशाची भिंतही फार उंच नको. चार इंची ब्लॉकची, खांबांना न बांधलेली सात फुटी भिंत भूकंपात १९९३ च्या दगडी भिंतीचंच काम करील. तीन फुटांपर्यंत भिंत घालून वर पत्रा मारला तरी पाऊस अडतो.

ज्यांना या वर्षी शेड उभारायचं आहे त्यांनी रब्बीची काढणी उरकली की लगेच खड्डे घ्यावेत, म्हणजे काँक्रीटला पाणी मारायला वेळ मिळतो आणि वळवाच्या आत फुलीच्या पट्ट्या बसतात. ज्यांचं शेड आधीच उभं आहे त्यांनी एका खांबाच्या बुडाशी खणून पाहावं. काँक्रीट फूट-दीड फुटावर संपत असेल तर शेड पाडायची गरज नाही. भोवती मुरमापर्यंत खणून, जुन्या ठोकळ्यात सळया ठोकून नवीन काँक्रीट ओतता येतं. सहा खांबांना दोन माणसांचं आठवड्याभराचं काम आहे. तेवढं झालं की पत्र्यावरचे धोंडे उतरवून ठेवा.