मिनिटाला बारा

मण्यार चावलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, पापणी उचलली जात नाही, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. बघणाऱ्याला वाटावं, संपलं. पण आत तो पूर्ण शुद्धीवर असू शकतो आणि खाटेभोवतीचं सगळं बोलणं ऐकत असतो. हे वाचल्यापासून ते डोक्यातून जाईना. पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यात, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर अनेक जण जमिनीवरच झोपतात आणि मण्यार बाहेर पडतो तो रात्रीच. म्हणून लावणीच्या दिवसांत रोहा तालुक्यातल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला जाऊन बसलो.

पहाटे एका तरुणाला आणलं. पोटात कळ येऊन जाग आली, मग घसा धरला, मग एकाचे दोन दिसायला लागले. दंशाची खूण घरच्यांना सापडली नव्हती. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, सूजही नसल्यासारखीच. त्यामुळे 'पित्त झालं असेल' म्हणण्यात मोलाचे तास निघून जातात. डॉक्टरांनी त्याला मान उचलायला सांगितली. उचलली गेली नाही. सलाइनमधून एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या प्रतिविषाच्या, दहा कुप्या सुरू झाल्या. श्वास उथळ होत गेला तशी घशात नळी घातली गेली आणि सिस्टरांनी हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग घेतली.

"मिनिटाला बारा," त्या शेजारच्या वॉर्डबॉयला म्हणाल्या. "घाईघाईने दाबायची नाही. छाती वर येताना दिसली पाहिजे."

मग त्या वाकल्या आणि त्या निपचित चेहऱ्याच्या कानाशी बोलल्या. "दादा, मी सिस्टर. तुम्हाला ऐकू येतंय, मला माहीत आहे. डोळे उघडणार नाहीत, हात हलणार नाही. हे जाणार आहे. तोवर श्वास आम्ही देतो." दाराशी आईने हंबरडा फोडला, तेव्हा त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "मावशी, इथे नको. तो ऐकतोय."

दहा कुप्या गेल्या तरी पापणी का उचलली जात नाही, याचं उत्तर चेतातंतूच्या टोकाशी आहे. तिथे इवल्या पिशव्या असतात, एकेक साधारण 40 नॅनोमीटरची, अ‍ॅसिटिलकोलिनने भरलेली. पिशवीचं आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. चेतातंतूचं स्वतःचं आवरणही तसंच. मेंदूचा हुकूम आला की टोकात कॅल्शियम शिरतं. पिशवीवरचं एक प्रथिन आणि समोरच्या आवरणावरची दोन, वेणी घालावी तशी एकमेकांत गुंफली जातात आणि दोन्ही आवरणं जवळ खेचतात. मधलं पाणी बाजूला सरतं, थरात थर मिसळतो, पिशवी उघडते, अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडतं, स्नायू हलतो. पापणीची प्रत्येक उघडझाप, प्रत्येक श्वास या मीलनावर चालतो. पेशीतली ही वाहतूक उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना 2013 चं नोबेल मिळालं.

मण्यारच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन घाव घालतं ते नेमकं इथेच. त्यातला फॉस्फोलिपेझ हा भाग स्निग्ध रेणूच्या दोन शेपट्यांपैकी एक छाटतो. थराचा तोल बिघडतो, रिकाम्या पिशव्या परत आत घेतल्या जात नाहीत, साठा संपतो आणि शेवटी चेतातंतूचं टोकच उद्ध्वस्त होतं. एएसव्ही रक्तात फिरणारं विष पकडतं. फाटलेलं आवरण ते शिवू शकत नाही. नागाचं विष मुख्यतः स्नायूच्या बाजूला अडथळा आणतं, म्हणून तिथे निओस्टिग्मिन या औषधाने बऱ्याचदा गुण येतो. इथे तोही भरवसा नाही. टोक नव्याने फुटावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस कुणीतरी श्वास पुरवायचा.

मिनिटाला बारा म्हणजे तासाला 720. तरुणाला व्हेंटिलेटरसाठी पुढे हलवलं. नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल असा रस्ता, आणि 108 च्या रुग्णवाहिकेत खड्ड्याखड्ड्यांतून तोच हिशेब: मिनिटाला बारा. निघताना सिस्टर पुन्हा कानाशी गेल्या आणि गाडी कुठे चालली आहे ते त्याला सांगितलं. काही दिवसांनी तो बोलू लागल्याचा निरोप आला.

याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाबरोबर मण्यार आणि नागाच्या दंशावरचे ग्रामीण अनुभवही वैद्यकीय नियतकालिकांतून जगापुढे मांडले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खाटेशी बसून केलेलं निरीक्षण किती दूर जातं, हे त्यांच्या कामातून दिसतं. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली असा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यांतली.

सर्पदंशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, लस, म्हणजे एएसव्ही, आहे का? ती हवीच, आणि लवकर हवी. पण मण्यारच्या रुग्णाला लशीइतकीच गरज अंबू बॅग दाबणाऱ्या शिकलेल्या हातांची असते. कुप्यांचा साठा रजिस्टरवर असतो. तसे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक रुग्णवाहिकेत अंबू बॅग चालवता येणारे किती जण आहेत, तेही मोजलं पाहिजे. वाडीवर झोपायला बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी मिळाली, तर यातले कित्येक दंश होणारही नाहीत. आणि खाटेवरचा माणूस हलत नसला, तरी त्याच्याशी बोलायला हवं. हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो शिकवताही येतो.